ब्रेकर बार आणि टॉर्क रेंच: कॅम्पर व्हॅनचे चाक बदलताना कोणता कशासाठी

कॅम्पर व्हॅन घेऊन नाशिकहून कसारा घाटाच्या किंवा त्र्यंबकच्या वाटेला लागणाऱ्यांच्या हत्यारपेटीत दोन लांब दांड्यांची गल्लत बरेचदा होते. ब्रेकर बार आणि टॉर्क रेंच हे दोन्ही साधारण अर्धा मीटर लांब असतात, दोहोंच्या टोकाला बहुधा अर्ध्या इंचाचा चौकोन असतो आणि त्यावर तीच गोटी (नटावर चढणारे सॉकेट) बसते. त्यामुळे एक घेतला की दुसऱ्याचे काम भागेल, असे वाटते. प्रत्यक्षात पहिला नट सोडवण्यासाठी आहे, तर दुसरा मोजून आवळण्यासाठी.

नट फिरवण्याची ताकद हातचा जोर आणि दांड्याची लांबी यांच्या गुणाकारावर ठरते. समजा, नट सोडवायला 180 न्यूटन-मीटर (या ताकदीचे, म्हणजेच टॉर्कचे एकक) लागणार आहेत. गाडीसोबत मिळालेला एल-पाना 30 सेंटिमीटरचा असेल तर त्याच्या टोकावर सुमारे 60 किलोचा भार द्यावा लागतो. 60 सेंटिमीटरच्या ब्रेकर बारला त्याच्या निम्मा पुरतो. इगतपुरीच्या पावसात महिनोन्महिने फिरलेल्या गाडीचा गंजलेला नट याहूनही अधिक मागतो. ब्रेकर बारमध्ये दातेरी चक्र किंवा स्प्रिंग नसते, डोके फक्त बिजागरीवर वळते. म्हणून अंगाचा भार टाकला तरी त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही. एल-पान्यात पाइप घालून लांबी वाढवण्याचा आपल्याकडचा प्रघात मात्र मला पटत नाही, कारण पाना निसटला की नटाचे कोपरे झिजतात आणि बोटेही फुटतात. गोटी सहा कोनांचीच घ्यावी.

टॉर्क रेंचच्या मुठीवर आकडे असतात. गाडीच्या पुस्तिकेतला आकडा लावून मुठीवरच हात ठेवून संथपणे ओढले की ठरलेल्या बलावर 'टक्' असा आवाज येतो, आणि तिथे थांबायचे असते. खात्रीसाठी आणखी एक हिसका देण्याची सवय मोजमापच फुकट घालवते. याच साधनाने अडकलेला नट सोडवू गेल्यास त्याची आतील रचना बिघडते आणि पुढे तो दाखवतो तो आकडा विश्वासाचा राहत नाही. काम झाल्यावर मूठ फिरवून सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावी, म्हणजे स्प्रिंग ताणाखाली राहत नाही.

क्रम सांगायचा तर चाक जमिनीवर असतानाच ब्रेकर बारने नट अर्धा फेरा सैल करावेत, मग जॅक लावावा. स्टेपनी चढवल्यावर नट समोरासमोरच्या क्रमाने हलके बसवून गाडी खाली घ्यावी आणि मगच टॉर्क रेंच हाती धरावा. बिछाना, पाण्याची टाकी आणि बॅटरी यांनी जड झालेली व्हॅन जॅकवर असताना लांब दांड्यावर जोर लावणे धोक्याचे आहे.

पेटीत एकाचीच जागा असल्यास ब्रेकर बार गाडीत ठेवून टॉर्क रेंच घरी ठेवता येईल. मात्र पंक्चरवाल्याने हवेच्या गनने आवळलेले नट घरी आल्यावर सैल करून पुन्हा मोजून आवळावेत. माझ्या व्हॅनचे एकदा न सुटलेले नट गंजाने नव्हे, तर अशाच गनने अडकलेले होते. चाक बदलल्यावर 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासणी लागते, म्हणून नाशिकहून पुण्याकडे निघताना टॉर्क रेंच सोबत असला, तर संगमनेरला चहासाठी थांबल्यावर ते काम उरकता येते.