व्होल्वोने सुरू न केलेली ‘व्होल्वो’ शर्यत

जगप्रदक्षिणेची शिडाच्या नौकांची शर्यत व्होल्वोने सुरू केली, हा समज चुकीचा आहे. ती 1973 साली ब्रिटनमधल्या व्हिटब्रेड या बिअर कंपनीच्या पैशातून आणि रॉयल नेव्हल सेलिंग असोसिएशनच्या आयोजनातून सुरू झाली. पोर्ट्समथहून 17 नौका निघाल्या. केपटाउन, सिडनी, रिओ आणि परत पोर्ट्समथ असे चार टप्पे होते. व्होल्वोचं नाव लागलं ते 2001-02 पासून. आज ती ‘द ओशन रेस’ आहे.

दुसरा घोळ पहिल्या विजेत्याचा. प्रत्यक्ष वेळेत ‘ग्रेट ब्रिटन 2’ सर्वांत वेगवान ठरली, पण निकाल हँडिकॅपवर होता. नौकेच्या मोजमापांवरून तिला वेळेची सवलत मिळे. म्हणून जिंकली रामोन कार्लिन यांची मेक्सिकन ‘सायुला 2’.