'नो सच फाइल' वेगळं, 'परमिशन डिनाइड' वेगळं, दोन्हीला सुडो लावू नका

लिनक्समध्ये सिसकंट्रोलने (sysctl, कर्नल म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या सेटिंग वाचायची-बदलायची कमांड) कर्नलची एखादी सेटिंग वाचायला गेलं आणि एरर आला की बहुतेक लोक एरर वाचतच नाहीत, वरचा बाण दाबायचा, कमांडच्या आधी सुडो (रूट म्हणजे सर्वाधिकारी युजर म्हणून चालव) टाइप करायचं आणि परत एंटर. तरी नाही झालं तर सुडो सू करून रूट व्हायचं आणि परत तीच कमांड. इतक्या वर्षांत हे इतक्यांदा बघितलंय की आता नीट लिहूनच काढतो, कारण यातला एक एरर सुडोने जातो आणि दुसरा सात जन्मात जाणार नाही, आणि कुठला कुठला ते एररच्या ओळीतच लिहिलेलं असतं.

आधी 'परमिशन डिनाइड ऑन की', हा तुम्हाला माहीतच असतो म्हणून पटकन उरकतो. की म्हणजे सेटिंगचं नाव, ते आहे, कर्नलला माहीत आहे, फक्त तुम्हाला वाचू देत नाही. साध्या युजरने 'सिसकंट्रोल -ए' (सगळ्या की दाखव) मारलं की कर्नल.सीएडी_पीआयडी, नेट.आयपीव्ही४.टीसीपी_फास्टओपन_की, व्हीएम.स्टॅट_रिफ्रेश अशा ओळी धडाधड पडतात, त्यांचा मोड (फाइल कोण वाचू-लिहू शकतं तो आकडा) ६०० असतो म्हणजे फक्त रूट, सुडो लावा, विषय संपला. सिस्टिम बिघडलेली नाही, हॅक झालेली नाही, घाबरून कुणाला फोन करू नका. आणि कृपा करून त्या फाइलींवर सीएचमॉड (मोड बदलायची कमांड) मारायला जाऊ नका, या की जिथे फाइली म्हणून दिसतात त्या /प्रॉक/सिसमध्ये मोड बदलायला कर्नल रूटलासुद्धा 'ऑपरेशन नॉट परमिटेड' म्हणतो, तो मोड कर्नलच्या कोडमध्ये ठरलेला आहे. व्हीएम.कॉम्पॅक्ट_मेमरीसारख्या काही की तर नुसत्या लिहिण्यासाठी आहेत, मोड २००, तिथे रूट होऊन कॅट केलं तरी परमिशन डिनाइडच येणार. एरवी रूट मोडला जुमानत नाही, पण /प्रॉक/सिससाठी कर्नल परवानगी स्वतः वेगळी तपासतो आणि तिथे रूटलाही मोडप्रमाणेच वागावं लागतं. त्यात वाचण्यासारखं काही नाहीच, सोडून द्या.

आता दुसरा, जिथे लोक अख्खी रात्र घालवतात. 'कॅनॉट स्टॅट /प्रॉक/सिस/अमुक/तमुक: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. इथे परवानगीचा प्रश्नच आलेला नाही. स्टॅट म्हणजे फाइल उघडणंसुद्धा नव्हे, ती आहे का, कशी आहे एवढंच विचारणं, आणि कर्नल म्हणतोय या नावाचं माझ्याकडे काही नाही. याला सुडो लावणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मध्ये आमच्याकडे एक नवीन पोरगा कुबरनेटीसचं (अनेक मशीनवर कंटेनर चालवायची व्यवस्था) नोड म्हणजे एक मशीन उभं करत होता, साडेदहा वाजून गेलेले, त्याने स्क्रीन दाखवली. नेट.ब्रिज.ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्स वाचतोय, नो सच फाइल. 'सुडो लावलं दादा, रूट होऊनपण बघितलं, परमिशनचाच काहीतरी घोळ आहे.' वर स्क्रोल केलं तर एकच कमांड सहा वेळा, मग सीएचमॉड, मग सीएचओन (फाइलचा मालक बदलायची कमांड), मग शेवटी एमकेडीआयआर, म्हणजे /प्रॉक/सिस/नेटच्या आत ब्रिज नावाचा फोल्डर हाताने बनवायचा प्रयत्न. मला त्याचं वाईट वाटलं, कारण चुकीच्या समजुतीतून तो अगदी तर्काने पुढे जात होता. फाइल नाही म्हणतोय ना, मग बनवू.

गोम इथेच आहे. /प्रॉक/सिस डिस्कवर नाही. तिथल्या फाइली कुणी कॉपी केलेल्या नाहीत, हरवत नाहीत, पॅकेज रीइन्स्टॉल करून परत येत नाहीत. कर्नलचा जो भाग आत्ता चालू आहे तो स्वतःच्या सेटिंगची नावं तिथे नोंदवतो आणि तो भाग गेला की नावंही जातात. नेट.ब्रिजखालच्या त्या की बीआर_नेटफिल्टर नावाचं मॉड्यूल (कर्नलला लागेल तेव्हा जोडायचा तुकडा) आणतं, कर्नल ३.१८ पासून ते वेगळं मॉड्यूल आहे, ते लोड नसेल तर अख्खा ब्रिज फोल्डरच दिसत नाही. त्याला म्हटलं, 'मॉडप्रोब बीआर_नेटफिल्टर' टाक आणि परत वाच. समोर '= १' आलं. तो म्हणाला, 'पण मी तर काहीच बनवलं नाही', आणि अगदी बरोबर, बनवायचं काही नव्हतंच. नेट.नेटफिल्टर.एनएफ_कॉनट्रॅक_मॅक्सचंही (किती कनेक्शनचा माग ठेवायचा ती मर्यादा) हेच, एनएफ_कॉनट्रॅक लोड नसेल तर की नाही.

मग ओळखायचं कसं? साध्या युजरनेच, सुडोशिवाय, ती की ज्या फोल्डरमध्ये असायला हवी तिथे 'एलएस -एल' करा. /प्रॉक/सिसमधले फोल्डर सगळ्यांना बघता येतात, बंद असतात त्या फाइली. यादीत नाव दिसलं तर प्रश्न परवानगीचा, नाव दिसलं नाही तर जगातला कुठलाही सुडो ते आणणार नाही. दहा सेकंदांचं काम आहे हो, आणि लोक दोन-दोन तास घालवतात.

याचीच पुढची कडी, जी मला सगळ्यात जास्त त्रास देते, म्हणजे 'काल चालत होतं, रीबूटनंतर गेलं'. काल तुम्ही हाताने मॉडप्रोब केलेलं असतं किंवा डॉकरने (कंटेनर चालवणारा प्रोग्रॅम) मॉड्यूल लोड केलेलं असतं, त्यामुळे की होती, तुम्ही खूश होऊन व्हॅल्यू /ईटीसी/सिसकंट्रोल.डी मध्ये लिहून ठेवली. बूट होताना सिस्टिमडीची (बाकी सगळं सुरू करणारा प्रोग्रॅम) सिसकंट्रोल सर्व्हिस लवकर चालते, तेव्हा मॉड्यूल आलेलंच नसतं, ती जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीत, लिहिते की लिहिता आलं नाही, 'इग्नोरिंग', आणि पुढे जाते. सर्व्हिस फेल होत नाही, सगळं हिरवंगार दिसतं. मग पाच मिनिटांनी डॉकर उठतो, मॉड्यूल येतं, की येते, पण व्हॅल्यू कर्नलची डिफॉल्ट, तुमची नाही. लोक कॉन्फिग फाइलीकडे बघत बसतात, त्यात तर बरोबरच लिहिलंय! उपाय एका ओळीचा, मॉड्यूलचं नाव /ईटीसी/मॉड्यूल्स-लोड.डी मधल्या फाइलीत टाका, सिस्टिमडी मॉड्यूल आधी लोड करतं आणि सिसकंट्रोल नंतर चालवतं. बूटस्क्रिप्टमध्ये 'स्लीप ६०' टाकून परत सिसकंट्रोल मारणारे मी बघितलेत, तसं करू नका, एखाद्या दिवशी एकसष्टाव्या सेकंदाला मॉड्यूल येईल.

की नसण्याचं दुसरं कारण म्हणजे ती कर्नलमधून काढलीच. नेट.आयपीव्ही४.टीसीपी_टीडब्ल्यू_रिसायकल २०१७ मध्ये कर्नल ४.१२ ला गेली, आणि चांगलं झालं गेली, एनएटीच्या मागे, म्हणजे एकच पत्ता वाटून घेत बसलेल्या लोकांची कनेक्शन गुपचूप पाडायची ती. पण 'सर्व्हर फास्ट करा' छापाच्या याद्यांमध्ये ती अजून फिरतेय आणि लोक मला विचारतात की हे मॉड्यूल कुठलं लोड करू. कुठलंच नाही, ओळ खोडा. टीसीपी_टीडब्ल्यू_रीयूज ही निराळी, ती आहे. तसंच कर्नल.शेड_ ने सुरू होणाऱ्या बऱ्याच की ५.१३ मध्ये डीबगएफएस नावाच्या वेगळ्या जागी हलवल्या, जुनी यादी नव्या मशीनवर चिकटवली की तिथेही हाच एरर.

व्हीएलएएन (एकाच तारेवर वेगळी केलेली नेटवर्क) वापरत असाल तर नावातला टिंब. ईटीएच०.१०० असा इंटरफेस असला की सिसकंट्रोल प्रत्येक टिंबाचा स्लॅश करतं, मग ते ईटीएच० च्या आत १०० शोधतं आणि म्हणतं नाही. नाव ईटीएच०/१०० असं लिहा, बाकीचे टिंब तसेच ठेवा.

कंटेनरमध्ये (मशीनच्या, म्हणजे होस्टच्या, आतला वेगळा कप्पा) मात्र दोन्ही एरर आपली जागा बदलतात म्हणून जरा थांबा. होस्टवर दिसणारी नेट.कोअर.आरमेम_मॅक्स बऱ्याच कर्नलांवर कंटेनरच्या आत नसतेच, कारण आत वेगळी नेटवर्क नेमस्पेस (नेटवर्कचा स्वतःचा वेगळा संच) आहे आणि तिला ती की दिलेली नाही, म्हणजे नो सच फाइल, आणि होस्टवर मॉड्यूल शोधून उपयोग नाही. उलट रूटलेस पॉडमनमध्ये (साध्या युजरने चालवलेला कंटेनर) आत हूॲमआय (मी कोण ते सांगणारी कमांड) 'रूट' दाखवतं तरी कर्नल.सीएडी_पीआयडी वाचताना परमिशन डिनाइड, कारण कर्नल मशीनचा खरा रूट बघतो आणि बाहेरून तुम्ही साधे युजरच आहात. तिथे आतून सुडो लावून काही मिळत नाही, होस्टवर जाऊन वाचा.

सिसकंट्रोलला '-ई' दिलं की नसलेल्या कीबद्दल ते बोलतच नाही, आणि डिप्लॉय स्क्रिप्टमध्ये सर्रास ते घातलेलं असतं, एरर नको म्हणून. मला ते अजिबात पटत नाही. कनेक्शन ट्रॅकिंगची मर्यादा लागू झालीच नाही हे तुम्हाला मग टेबल भरून पॅकेट पडायला लागल्यावर कळतं, तेही भर गर्दीच्या वेळी. की वैकल्पिक असेल तर तेवढ्या एका ओळीला सूट द्या, सगळ्या फाइलीला नको.

राहिला जुन्या सिसकंट्रोलचा तो अर्धवट एरर, 'रीडिंग की नेट.आयपीव्ही६.कॉन्फ.ऑल.स्टेबल_सीक्रेट', पुढे कारणच नाही. हा दोन्हींपैकी कुठलाच नाही. की आहे, तुम्ही रूटही आहात, पण त्यात अजून कुणी सीक्रेट भरलेलंच नाही म्हणून कर्नल वाचताना इनपुट-आउटपुट एरर देतो. डिस्क खराब झालेली नाही. नव्या आवृत्त्या ही ओळ गाळूनच टाकतात, तुमच्याकडे दिसत असेल तर बघून पुढे जा.