पायाचा बाक मोजायचा लांब एक्स-रे : घरच्या ज्येष्ठांना घेऊन येण्याआधी हे वाचा

डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'स्कॅनोग्राम' किंवा 'लाँग लेग स्टँडिंग एक्स-रे, दोन्ही पाय' असं लिहून दिलं असेल तर हे पत्रक तुमच्यासाठीच आहे. काउंटरवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, गुडघ्याचा एक्स-रे तर मागच्याच महिन्यात काढला, आता परत कशाला? प्रश्न रास्त आहे, खर्च तुमचा होतो आणि दुखणाऱ्या गुडघ्यांनी आईला रिक्षात चढवून इथपर्यंत आणायचं म्हणजे काय असतं ते आम्ही रोज बघतो, म्हणून नीट सांगतो.

गुडघ्याच्या साध्या एक्स-रेत गुडघा आणि त्याच्या वरखालचं थोडंसं हाड एवढंच येतं. गादी किती झिजली, हाडाला टोकं आलीत का, हे त्यात कळतं. पण अख्खा पाय सरळ आहे की बाकलाय हे ठरवायला खुबा आणि घोटा दोन्ही दिसायला लागतात, कारण अंगाचा भार खुब्यातून खाली घोट्यात उतरतो आणि गुडघा मधे असतो. गवंडी भिंतीला ओळंबा लावून बघतो ना, तसं इथे खुब्याच्या गोळ्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत एक रेघ ओढतात आणि ती गुडघ्यातून नेमकी कुठून जाते ते बघतात. एकोणिसाव्या शतकातले सर्जन योहान मिकुलिझ यांच्या नावाने ही रेघ ओळखली जाते. चांगल्या पायात ती गुडघ्याच्या मध्याच्या जवळून, किंचित आतल्या बाजूने जाते. गुडघे बाहेर फाकले असतील तर ती आतल्या बाजूला बरीच सरकते आणि भार आतल्या अर्ध्या भागावर पडत राहतो, गुडघे एकमेकांना घासत असतील तर उलट, भार बाहेरच्या भागावर.

मोजायचा मुख्य कोन म्हणजे खुबा, गुडघा, घोटा या तीन बिंदूंचा. अगदी सरळ पाय म्हणजे 180 डिग्री. इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो कारण यावरून लोक फार घाबरतात, एका ठिकाणच्या रिपोर्टवर '172' लिहिलेलं असतं आणि दुसरीकडे 'वेरस 8 डिग्री', मग घरच्यांना वाटतं दोघांपैकी एकाने चुकीचं मोजलं. दोन्ही एकच आहे हो, 180 मधून 172 गेले की 8. वेरस म्हणजे गुडघे बाहेर, व्हॅल्गस म्हणजे गुडघे आत.

आणि थोडासा बाक आला म्हणजे लगेच आजार असंही नाही. बेल्जियममध्ये 20 ते 27 वयाच्या, काहीही त्रास नसलेल्या 250 जणांचे असे लांब एक्स-रे काढले होते, 2012 साली ते छापून आलं, त्यात 32 टक्के पुरुषांत आणि 17 टक्के बायकांत 3 डिग्री किंवा जास्त बाक मुळातच होता. म्हणजे तुमच्या बाबांचा 3-4 डिग्रीचा बाक तरुणपणापासूनचाही असू शकतो, जुना लग्नातला किंवा नोकरीतला उभा फोटो असेल तर डॉक्टरांना जरूर दाखवा, पाय पूर्वी कसे होते याचा थोडाफार अंदाज येतो. पण ज्यांच्या गुडघ्याची झीज सुरू झालीये त्यांच्यात मात्र हा कोन हलक्यात घेऊ नका. 2001 मध्ये अमेरिकेत शिकागोच्या डॉक्टरांनी अशा पेशंटना दीड वर्ष फॉलो केलं तेव्हा पाय बाहेर बाकलेल्यांमध्ये आतल्या बाजूची झीज वाढायची शक्यता साधारण चौपट निघाली, आणि आत बाकलेल्यांमध्ये बाहेरच्या बाजूची जवळजवळ पाचपट. झिजलं की बाक वाढतो आणि बाक वाढला की अजून झिजतं, म्हणूनच डॉक्टर नुसतं 'पाय वाकडे दिसतायत' यावर न थांबता आकडा मागतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, उभं राहणं. झोपून काढलेल्या फिल्ममध्ये पायावर भारच नसतो, त्यामुळे झिजलेली बाजू मिटत नाही आणि बाक खऱ्यापेक्षा कमी दिसतो. आई म्हणतात, मला झोपूनच काढा, उभं राहवत नाही, आणि आम्हालाही वाईट वाटतं, पण झोपून काढलेला कोन डॉक्टरांच्या फार कामाचा नसतो. दोन्ही बाजूंना धरायला दांडे आहेत, आमचा माणूस जवळ उभा असतो, मधे खुर्चीवर बसून दम घेता येतो, घाई कोणी करणार नाही. दांडा तोल जाऊ नये म्हणून धरायचा, सगळं वजन त्याच्यावर टाकायचं नाही, भार दोन्ही पायांवर सारखा हवा. काठी तेवढ्यापुरती बाजूला ठेवायची. अगदीच उभं राहता येत नसेल तर आधी फोन करून सांगा, आम्ही तुमच्या डॉक्टरांशी बोलून घेतो.

उभं करताना टेक्निशियन पावलांपेक्षा गुडघ्याच्या वाटीकडे बघतो. वाटी बरोबर समोर हवी, मग पावलं जरा बाहेर वळली तरी चालतात. बरेच जण चांगला फोटो यावा म्हणून पावलं जुळवून ताठ उभे राहतात आणि त्यात अख्खा पाय फिरतो. ज्यांचा गुडघा पूर्ण सरळ होत नाही त्यांच्यात तर हे फारच नडतं, गुडघा थोडा वाकलेला आणि पाय बाहेर फिरलेला असला की नसलेला बाकसुद्धा फिल्मवर दिसतो. म्हणून गुडघा किती सरळ होतो ते आम्ही आधी कोनमापकाने बघतो आणि रिपोर्टवर लिहितो. काहींची वाटी मुळातच बाजूला सरकलेली असते, त्यांच्यात वाटीवर भरवसा ठेवता येत नाही, मग गुडघा वाकवून तो कुठल्या दिशेला दुमडतो त्यावरून पाय लावतो. हे सगळं करण्यात पाच मिनिटं जास्त जातात, जाऊ द्या, पाय फिरलेला असताना काढलेली फिल्म परत काढायला लागण्यापेक्षा ते बरं.

मशीन तुमच्यापासून साधारण दहा फूट अंतरावर असतं. खुबा, गुडघा, घोटा असे तीन फोटो लागोपाठ निघतात आणि कॉम्प्युटर ते जोडतो, तेवढा वेळ हलायचं नाही. मधेच हललात तर जोडावर हाडाला पायरी पडल्यासारखी दिसते आणि मग तो फोटो परत. गुडघ्याजवळ 25 मिलिमीटरचा स्टीलचा गोळा चिकटवतो, तो मापासाठी असतो, फोटोत हाड थोडं मोठं दिसतं ते किती मोठं झालंय हे त्यावरून काढता येतं. कोनाला याने फरक पडत नाही, लांबीला आणि बसवायच्या कृत्रिम सांध्याचा साइज ठरवायला पडतो. एक पाय आखूड असेल तर त्याखाली लाकडी ठोकळा देऊन कंबर सारखी करतो आणि ठोकळ्याची उंची लिहून ठेवतो.

रिपोर्टमध्ये मोठ्या कोनाशिवाय अजून आकडे असतात, त्यांच्याकडे लोक बघतच नाहीत पण ऑपरेशनच्या दृष्टीने खरी महत्त्वाची जागा तीच आहे. मांडीच्या हाडाचा गुडघ्याकडचा कोन साधारण 88, नडगीच्या हाडाचा वरचा कोन साधारण 87, दोन्हींत 85 ते 90 ठीक मानतात. तिसरा म्हणजे दोन हाडांच्या मधल्या फटीचा, तो 0 ते 2 असतो. पहिल्या दोनात गडबड असेल तर बाक हाडातच आहे, तिसरा वाढला असेल तर गादी झिजून किंवा लिगामेंट (हाडं एकमेकांना बांधून ठेवणारे पट्टे) सैल पडून आलाय, आणि वयस्कर माणसात बऱ्याचदा दोन्ही थोडं थोडं असतं. काहींचं मांडीचं हाडच मधे बाहेरच्या बाजूला वाकलेलं असतं, छोट्या फिल्ममध्ये ते दिसणारच नाही आणि सांधा बदलताना हाड कुठल्या कोनात कापायचं याचा हिशोब चुकू शकतो. हा कोन बहुतेकांत 5 ते 7 डिग्री असतो पण बहुतेक म्हणजे सगळे नव्हेत, म्हणून प्रत्येकाचा मोजायचा.

दोन वेळच्या रिपोर्टमध्ये एक-दोन डिग्रीचा फरक आला तर पाय बिघडला असं समजू नका, एवढा फरक उभं राहण्यात आणि मोजण्यात येतोच. घरी दोन घोटे जुळवून गुडघ्यांमधलं अंतर टेपने मोजता येतं, लक्ष ठेवायला ठीक आहे, पण मांड्या जाड असतील तर ते फसवतं, ऑपरेशनचा निर्णय त्यावर नको. मोबाइलवर काढलेल्या फोटोवर तर अजिबातच नको.

येताना उपाशी राहायची गरज नाही, शुगरवाल्यांनी तर खाऊन आणि गोळी घेऊनच यावं. करदोटा, पैंजण, खिशातली नाणी-किल्ल्या, नी-कॅप काढायला लागतील, जोडवी राहू द्या, ती घोट्याच्या खाली असतात. साडी असेल तर आम्ही गाऊन देतो, बदलायला आतल्या खोलीत बाई आहेत. किरणांची काळजी वाटत असेल तर, या तपासणीत डोस कमी असतो आणि आमचं मशीन एईआरबीच्या (किरणांच्या मशीनवर देखरेख ठेवणारं सरकारी मंडळ) लायसन्सवर चालतं, लायसन्स भिंतीवर लावलंय. आजींना धरायला आत कोणी थांबणार असेल तर शिशाचा एप्रन देतो, मात्र सूनबाई किंवा मुलगी गरोदर असेल तर तिने बाहेरच थांबावं, दुसऱ्या कोणाला तरी सोबत आणा.

आधीचे एक्स-रे, सांधा बदललेला असेल तर ऑपरेशनचे कागद, आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा. फिल्म आणि सीडी दोन्ही देतो, सीडी टाकू नका, सर्जन त्यावरच स्वतः परत रेघा मारून बघतात.