कोन्याक: टिकत नव्हती म्हणून उकळलेली वाइन

फ्रान्सच्या पश्चिमेला शारांत नदीकाठी कोन्याक नावाचं लहानसं गाव आहे. इथल्या वाइनपासून भट्टीवर गाळलेली ब्रँडीही याच नावानं ओळखली जाते. इथलं मीठ जहाजांनी उत्तर युरोपात जायचं. त्याच वाटेनं पुढे वाइनही जाऊ लागली. पण ती पातळ, आंबट आणि कमी अल्कोहोलची. लांबच्या प्रवासात बिघडायची. सोळाव्या-सतराव्या शतकांत डच व्यापाऱ्यांनी ती भट्टीवर चढवली, कारण त्यामुळे माल टिके आणि जहाजात जागाही कमी लागे. ओकच्या पिंपात पडून राहिलेला माल अधिक चांगला लागतो, हे व्यापाराच्या ओघातच कळत गेलं. मार्टेल (१७१५) आणि हेनेसी (१७६५) या पेढ्या पुढच्या शतकातल्या. मोठं गिऱ्हाईक इंग्रज, म्हणून फ्रेंच बाटलीवर 'व्हीएसओपी' (व्हेरी सुपीरियर ओल्ड पेल) ही दर्जा सांगणारी इंग्रजी अक्षरं आली.

गंमत म्हणजे वाइनचा तो आंबटपणाच इथे कामाचा ठरतो. जेमतेम नऊ टक्के अल्कोहोल असलेली आम्लयुक्त वाइन गंधक न घालताही हिवाळाभर तग धरते. गंधक घालायचंच नाही, कारण भट्टीत त्याचा उग्र वास अर्कात उतरतो. त्यामुळे घाई करावी लागते: ३१ मार्चपर्यंत ऊर्ध्वपातन संपवायचं, असा नियमच आहे.

भांडं तांब्याचं, आच थेट, फेऱ्या दोन. पहिल्या फेरीत साधारण ३० टक्क्यांचा गढूळ अर्क निघतो. तो पुन्हा चढवला की खरी कसोटी लागते. आपल्याकडे पहिल्या धारेचं कोण कौतुक. इथे मात्र ती बाजूला काढतात, कारण तिच्यात नाक झोंबवणारे हलके घटक असतात. नंतरचा मधला भाग ठेवायचा आणि धार ६० टक्क्यांच्या आसपास उतरली की तोडायची. उशीर झाला तर शेवटचे जड, ओलसर वास आत शिरतात. फार लवकर तोडली तर ब्रँडी पोकळ लागते. आच वाढवून वेळ वाचवायला गेलं की तळाचा यीस्टचा गाळ करपतो आणि तो वास मग कशानं जात नाही. एक लिटर अर्कासाठी सुमारे नऊ लिटर वाइन खर्ची पडते.

रंगहीन अर्क आधी काही महिने नव्या ओकच्या पिंपात ठेवतात, मग जुन्या पिंपात हलवतात. नव्यातच राहू दिला तर लाकडाचा तुरटपणा द्राक्षाला गिळून टाकतो. लिमुझँच्या जंगलातलं लाकूड भरड पोताचं, ते टॅनिन भरपूर सोडतं; त्राँसेचं बारीक पोताचं, सौम्य. दरवर्षी सुमारे दोन टक्के माल हवेत उडतो. त्या वाफेवर वाढणाऱ्या बुरशीनं गोदामांच्या भिंती आणि कौलं काळी पडलेली दिसतात. बाटलीसाठी ४० टक्क्यांवर आणताना पाणी टप्प्याटप्प्यानं घालतात. एकदम ओतलं तर ब्रँडी गढुळते आणि साबणासारखी चव येते.

१८७०च्या दशकात फिलॉक्सेरा या किडीनं द्राक्षांची मुळं पोखरली. सुमारे २,८०,००० हेक्टरांवरच्या बागा १८९३पर्यंत ४०,०००वर आल्या. अमेरिकन मुळांवर कलमं करून लागवड पुन्हा उभी राहिली, पण फोल ब्लांश हे जुनं द्राक्षवाण कलमावर दाट घड धरून कुजू लागलं. त्याची जागा उग्नी ब्लां या वाणानं घेतली. आज जवळजवळ सगळी लागवड त्याचीच. मधल्या टंचाईचा फायदा व्हिस्कीला मिळाला. न्यू ऑर्लिन्सच्या साझेरॅक या कॉकटेलमध्ये कोन्याकऐवजी राय व्हिस्की आली. हिंदुस्थानातल्या साहेबांच्या ब्रँडी-पाण्याची जागाही व्हिस्की-सोड्यानं घेतली.

बनावट मालाला आळा घालण्यासाठी १९०९मध्ये प्रदेशाची हद्द ठरली, १९३६मध्ये नियम पक्के झाले. दर्जा पिंपातल्या किमान काळावर ठरतो: व्हीएसला दोन वर्षं, व्हीएसओपीला चार. एक्सओला २०१८पासून सहाऐवजी दहा.

साइडकार हे पहिल्या महायुद्धानंतरचं कॉकटेल: ५० मिली कोन्याक, २० मिली ट्रिपल सेक (संत्र्याच्या चवीचं गोड मद्य), २० मिली ताजा लिंबूरस, बर्फासोबत जोरात हलवून गाळलेलं. यात एक्सओ घालणं म्हणजे पैसे वाया. लिंबापुढे मुरलेले बारकावे टिकत नाहीत, व्हीएसओपी पुरते. आपल्याकडची बरीचशी स्वस्त ब्रँडी मळीच्या अल्कोहोलपासून बनते. ती वापरायची तर लेबलवर द्राक्षाचा उल्लेख आहे का ते आधी पाहावं; नसेल तर ग्लासात लिंबू आणि संत्र्याचीच चव उरते.