साथरोगशास्त्र आणि पुणे

रोग कोणाला होतो, कोठे होतो, केव्हा होतो आणि त्याच वस्तीत राहणाऱ्या इतरांना तो का होत नाही, याचा लोकसमूहाच्या पातळीवर शोध घेणाऱ्या शास्त्राला साथरोगशास्त्र किंवा रोगपरिस्थितिविज्ञान म्हणतात. पहिले नाव अधिक रुळलेले असले, तरी ते अपुरे आहे. कारण मधुमेह, कर्करोग किंवा रस्त्यावरील अपघात यांचा अभ्यासही याच शास्त्रात होतो. त्याची सगळी भिस्त एका साध्या अपूर्णांकावर असते. अंशस्थानी रुग्ण आणि छेदस्थानी तो रोग ज्यांना होऊ शकला असता असे सर्व लोक. अंश रुग्णालयाच्या नोंदवहीत मिळतो, छेदासाठी मात्र घरोघर फिरावे लागते आणि बहुतेक चुकाही तेथेच होतात.

रोगी शोधणे आणि रोगाची वाट शोधणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे पुण्याइतके महागात फार थोड्या शहरांनी अनुभवले असेल. १८९६ मध्ये मुंबईत आलेला प्लेग लवकरच पुण्यात पोहोचला. १८९७ मध्ये रँड यांच्या अधिकाराखाली सैनिकांनी घरे तपासली, रुग्णांना रुग्णालयात आणि त्यांच्या सहवासातील लोकांना छावण्यांत हलवले, सामानसुमान जाळले. या मोहिमेचा राजकीय शेवट सर्वश्रुत आहे. शास्त्राच्या अंगाने पाहिले, तर प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता. पण तो माणसापर्यंत कसा येतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. उंदरावरील पिसवांतून तो येतो, हे सिमाँ या फ्रेंच संशोधकाने १८९८ मध्ये कराचीत दाखवले आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. उंदीर पडू लागले की गाव सोडून रानात झोपड्या घालायच्या, ही खेड्यापाड्यांतील रीत मात्र वाटेच्या बरीच जवळ पोहोचलेली होती.

पुण्यातील विषाणू संशोधन केंद्र १९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी स्थापन केले. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू संस्था म्हणून ओळखले जाते. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलालगतच्या गावांत तापाची साथ आली, त्याच सुमारास जंगलात माकडे मरून पडत होती. प्रथम पीतज्वराची शंका आली. केंद्राच्या तपासात गोचिडीमार्फत पसरणारा एक नवाच विषाणू सापडला. येथेही आधी प्राणी पडले आणि मग माणसे.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, त्यालगतचे नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांतून हातापायांतील शक्ती गेलेले रुग्ण एकामागून एक रुग्णालयांत येऊ लागले. गिया-बारे सिंड्रोम हा विकार एरवी लाख लोकांमागे वर्षाला एक-दोघांना होतो. येथे संशयित धरून रुग्णसंख्या दोनशेपलीकडे गेली. संसर्गानंतर शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, असे या विकाराचे स्वरूप आहे. त्यामुळे जुलाब होऊन गेल्यावर काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, पाय लटपटू लागतात आणि तपासणाऱ्याला आजचे नव्हे, तर मागच्या पंधरवड्यातील पाणी शोधावे लागते. अनेक रुग्णांच्या शौच नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू आढळला. नकाशावर रुग्णांचे ठिपके एकाच पट्ट्यात दाटले होते, त्यामुळे लक्ष नांदेडच्या विहिरीवर आणि तिच्या पाणीपुरवठ्यावर गेले; कोंबडीच्या मांसाकडेही बोट दाखवले गेले. अशा वेळी केवळ रुग्णांना विचारून भागत नाही. तेच पाणी पिऊन, तेच मांस खाऊन धडधाकट राहिलेल्या शेजाऱ्यांनाही तेच प्रश्न विचारावे लागतात, नाहीतर सगळेच जे खातात त्यावर उगाच आळ येतो.

या तपासातील सर्वांत स्वस्त साधन म्हणजे आरोग्यसेवकाच्या पिशवीतील ओटी चाचणीची छोटी बाटली. नळाचे पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकतात. पाणी पिवळे झाले तर त्यात क्लोरीन शिल्लक आहे, नितळच राहिले तर नाही. टाकीजवळ पिवळे होणारे पाणी वस्तीच्या शेवटच्या नळाला नितळ राहिले, तर वाटेत कोठेतरी घाण मिसळून क्लोरीन संपत असण्याचा संशय घ्यावा लागतो.

छेद नीट धरला की चित्र कसे पालटते, हे २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये करोनाच्या काळात दिसले. शहरातील जास्त रुग्ण असलेल्या पाच प्रभागांत १,६६४ जणांचे रक्त तपासले, तेव्हा ५१.५ टक्क्यांमध्ये प्रतिपिंडे, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची रक्तातील खूण, सापडली. नोंदलेल्या रुग्णांच्या कितीतरी पट लोकांना संसर्ग होऊन गेला होता. हे प्रभाग मुद्दाम निवडलेले असल्याने तो आकडा साऱ्या पुण्याचा नव्हता. गप्पांत मात्र ‘निम्मे पुणे’ असाच फिरला.

असंसर्गजन्य आजारांसाठी वर्षानुवर्षे एकाच गटामागे राहावे लागते. पुण्यातील के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांची नोंद गरोदरपणाआधीपासून सुरू केली. त्यांची बाळे सरासरी सुमारे २.७ किलोंची, दिसायला बारीक. पण इंग्लंडमधील बाळांशी तुलना करता त्यांच्या अंगात स्नायूंच्या मानाने चरबी अधिक होती. ज्या मातांच्या आहारात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक, त्यांच्या बाळांचे वजन अधिक भरले. मातेला ब-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट (ब गटातलेच आणखी एक जीवनसत्त्व) जास्त असेल, तर मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. मधुमेहाची मुळे पोटातल्या बाळापर्यंत जातात, या विचाराला या अभ्यासाने बळ दिले. तरीही असे निरीक्षण सहसंबंध दाखवते, कारण सिद्ध करत नाही. त्यासाठी पूरक जीवनसत्त्व देऊन आणि न देऊन प्रत्यक्ष तुलना करावी लागते.

मृत्यूंची नोंद हा या शास्त्रातला आपल्याकडचा सर्वांत कच्चा दुवा आहे. दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडून’ असे लिहिलेले असते. हृदयक्रिया तर प्रत्येकाचीच बंद पडते. शिरूर तालुक्यातील वढू परिसरात, २००२ पासून गावांच्या लोकसंख्येची सतत नोंद ठेवणाऱ्या प्रकल्पात, यावर मौखिक शवविच्छेदन हा उपाय वापरला जातो. मृत्यूनंतर काही काळाने प्रशिक्षित कार्यकर्ता घरी जाऊन बसतो आणि ताप किती दिवस होता, धाप लागत होती का, छातीत दुखून कळ हाताकडे गेली का, असे ठरावीक प्रश्न नातेवाइकांना विचारतो. ती उत्तरे वाचून वैद्यकीय तज्ज्ञ मृत्यूचे संभाव्य कारण ठरवतात.