कुवेत : ब्रिटिश संरक्षणापासून आंतरराष्ट्रीय मान्यतेपर्यंत

पर्शियन आखाताच्या वायव्य टोकाला वसलेले कुवेत २३ जानेवारी १८९९ ते १९ जून १९६१ या काळात ब्रिटनच्या संरक्षणाखाली होते. ते वसाहत मात्र कधीच नव्हते. राज्यकारभार अल-सबाह घराण्यातील शेखांकडे होता, परराष्ट्र व्यवहार ब्रिटिशांकडे. इराकबरोबरच्या पुढील वादाला याच अर्धवट स्थितीने जागा करून दिली.

१८९९ चा करार शेख मुबारक यांच्यावर दोन बंधने घालतो : ब्रिटनच्या संमतीवाचून दुसऱ्या सत्तेचा प्रतिनिधी ठेवून घ्यायचा नाही आणि राज्याची जमीन कोणत्याही परकीय सत्तेला विकायची, भाडेपट्ट्याने वा गहाण द्यायची नाही. मोबदला होता १५,००० रुपये, तोही इराणमधील बुशहर बंदराच्या ब्रिटिश खजिन्यातून. कारण १९४७ पर्यंत आखाताचा कारभार हिंदुस्थान सरकारच पाहत असे. करार गुप्त ठेवला गेला. उस्मानी (ऑटोमन तुर्की) सुलतानाने मुबारक यांना ‘काइममकाम’ म्हणजे जिल्ह्याचा प्रशासक हा हुद्दा दिलेला होता आणि त्याच्याशी उघड वाद ब्रिटनला नको होता. नोव्हेंबर १९१४ मध्ये उस्मानी साम्राज्याशी युद्ध सुरू होताना ब्रिटनने कुवेतला आपल्या संरक्षणाखालील स्वतंत्र राज्य मानले.

१९४६ पासून तेलाची निर्यात सुरू झाली आणि शेख अब्दुल्ला अल-सालिम यांनी सत्तेची एकेक किल्ली ताब्यात घेतली. १९५९ मध्ये टपालखाते कुवेतकडे आले. सप्टेंबर १९६० मध्ये बगदादला ‘ओपेक’ ही तेल निर्यातदार देशांची संघटना स्थापन झाली, तेव्हा कुवेत संस्थापक सदस्य होते. म्हणजे इराक स्वतःच्याच राजधानीत कुवेतच्या शेजारी बसला होता. १ एप्रिल १९६१ रोजी भारतीय रिझर्व्ह बँकेने आखातासाठी काढलेल्या खास रुपयाच्या जागी दिनार आला. दर होता एका दिनारास १३⅓ रुपये. ही तयारी आधी झाली नसती, तर जूनमधली स्वातंत्र्याची सही कागदावरच राहिली असती.

१९ जून १९६१ रोजी अब्दुल्ला आणि ब्रिटनचे पोलिटिकल रेसिडेंट (आखातातील मुख्य प्रतिनिधी) विल्यम ल्यूस यांच्यात पत्रांची देवाणघेवाण होऊन १८९९ चा करार रद्द झाला. त्याच पत्रांत एक महत्त्वाचे कलम होते : कुवेतने मागितल्यास ब्रिटन मदतीस तयार राहील. सहाच दिवसांनी इराकचे पंतप्रधान अब्दुल करीम कासिम यांनी कुवेत हा इराकच्या बसरा प्रांताचा भाग असल्याचा दावा केला. कुवेतने मदत मागितली आणि १ जुलैला ब्रिटिश सैन्य उतरले. राज्य वाचले, पण अडचणही वाढली : ज्या देशात ब्रिटिश फौज उभी आहे त्याला स्वतंत्र कसे म्हणायचे?

यातून वाट काढली अरब लीग या अरब देशांच्या संघटनेने. इराकचा विरोध असतानाही २० जुलैला कुवेतला सदस्यत्व मिळाले. ब्रिटिश फौजेने परत जायचे आणि तिची जागा अरब सैन्याने घ्यायची, असे ठरले. ऑक्टोबरपर्यंत ते पूर्णही झाले. संयुक्त राष्ट्रांचे दार मात्र लवकर उघडले नाही. तिथे आधी सुरक्षा परिषदेची शिफारस लागते, मग आमसभेचे मतदान. आणि शिफारशीवर पाचही स्थायी सदस्यांना नकाराधिकार असतो. ३० नोव्हेंबर १९६१ रोजी सोव्हिएत संघाने तो वापरला.

फेब्रुवारी १९६३ मध्ये बगदादला उठाव होऊन कासिम मारले गेले आणि चित्र बदलले. ७ मे रोजी परिषदेने शिफारस केली, १४ मे १९६३ रोजी कुवेत संयुक्त राष्ट्रांचा १११ वा सदस्य झाला. ४ ऑक्टोबरला इराकनेही स्वातंत्र्य आणि दोन्ही देशांमधील १९३२ च्या पत्रव्यवहारात नमूद केलेली सीमा मान्य केली. पण जमिनीवर सीमेची आखणी कुणीच केली नाही, ही या मान्यतेतील सर्वांत महाग पडलेली उणीव. १९९० मध्ये इराकने आक्रमण केले, तेव्हा जुना दावा पुन्हा पुढे आला. सीमास्तंभ उभे राहिले ते युद्धानंतर, संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडून. १९९३ मध्ये सुरक्षा परिषदेने ती रेषा अंतिम ठरवली आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये इराकने ती स्वीकारली.