लायसन्स जप्त झाल्यावर मिळणाऱ्या दोन पावत्या

नाकाबंदीत लायसन्स काढून घेतलं की तात्पुरती पोचपावती मिळते. ती खिशात असली म्हणजे गाडी चालवायला हरकत नाही, असं सर्रास समजलं जातं. हे निम्मंच खरं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६ खाली लायसन्स वेगवेगळ्या कारणांनी जप्त होतं, आणि त्यातल्या दोन पावत्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत.

पोटकलम (२) जुनं. ज्याच्यावर गुन्हा लावलाय तो चालक पसार होईल किंवा समन्स चुकवेल, असं मानायला कारण असलं तर पोलीस लायसन्स घेऊन कोर्टाकडे पाठवतात. पहिल्यांदा हजर झाल्यावर कोर्ट पावती घेऊन ते परत देतं. तोवर, किंवा पावतीवर तारीख लिहिली असेल तर त्या तारखेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोपर्यंत ही पावती दाखवून गाडी चालवता येते.

पोटकलम (४) आलं २०१९ च्या दुरुस्तीत. अतिवेग, धोकादायक ड्रायव्हिंग, दारू पिऊन चालवणं, शर्यत, सदोष गाडी रस्त्यावर आणणं, दुचाकीवर ट्रिपल सीट, हेल्मेट नसणं, अँब्युलन्स, अग्निशमन अशा आपत्कालीन गाड्यांना वाट न देणं, एवढ्यांनाच ते लागू आहे. इथे लायसन्स कोर्टात न जाता आरटीओकडे जातं, निलंबनाच्या किंवा रद्द करण्याच्या कारवाईसाठी. पावती याचीही मिळते, पण लायसन्स परत येईपर्यंत तिच्यावर गाडी चालवता येत नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे. तरीही चालवली तर विनापरवान्याचं कलम १८१ लागू शकतं: ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

‘तडजोड शुल्क भरलं, आता लायसन्स द्या’ हा वाद इथे चालत नाही. कलम २०० नुसार जागेवर दंड भरला तरी पोटकलम (४) ची कारवाई टळत नाही. हेल्मेटच्या गुन्ह्यात तर कायद्यानेच दंडाबरोबर तीन महिन्यांची अपात्रता ठेवली आहे.

म्हणून पावतीशिवाय लायसन्स हातातून सोडू नका. ती मागणं हा उद्धटपणा नाही, देणं हे पोलिसांवर बंधनकारक आहे. पावती तिथेच वाचा: कलम २०६ चं कोणतं पोटकलम, लायसन्स कोर्टात की आरटीओत. नुसतं ‘लायसन्स जमा’ असं लिहिलं असेल तर पोटकलम लिहून द्यायची नम्रपणे विनंती करा. (४) असेल तर वैध लायसन्सवाल्या कुणाला तरी बोलावून गाडी त्याच्या हाती द्या.

लायसन्स डिजिलॉकरमध्ये असेल आणि ऑनलाइन पडताळता येत असेल, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १३९ प्रमाणे मूळ कार्ड मागता येत नाही, जप्तीचा गुन्हा असला तरीही. पण कार्ड खिशात राहिलं म्हणजे निलंबन टळलं असं नाही. त्याची नोंद परिवहन खात्याच्या पोर्टलवर होते आणि पुढच्या नाक्यावर ती दिसते.